मी पसंत केलेलं रिव्हॉल्व्हर

गोळी सुटली तेव्हा मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. आवाज फटाक्याहून मोठा नव्हता. माझा धाकटा दीर दारातून दोन पावलं आत आला होता, हातात आपट्याची पानं होती. तो खाली बसला. पडला नाही, पानावर जेवायला बसावं तसा बसला. मग सदऱ्यावर बेंबीच्या डाव्या अंगाला डाग वाढायला लागला आणि तो म्हणाला, "दादा, आरं काय केलंस हे?"

आमचे मालक देवापुढं उभे होते. एका हातात रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या हातात झेंडूची माळ.

ते रिव्हॉल्व्हर मी पसंत केलेलं होतं.

आमचं घर मुळशीला, गावापासून लांब, भातखाचरांच्या कडेला. भोवती दिराच्या घराशिवाय कोणी नव्हतं तेव्हा भीती नव्हती. पुढे लोकांनी जमिनी विकल्या, तिथं पुण्याच्या माणसांनी बंगले बांधले. शनिवार-रविवारी गाड्या, एरवी कुलपं. कुलपं दिसली तसे चोर आले. एका बंगल्यावर राखणीला असलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला भरदुपारी खुर्च्यांना बांधून घातलं. आम्हीही दोघंच म्हातारे. मुलगा भूगावात फ्लॅटवर राहतो. तो म्हणाला, कॅमेरा लावू.

"क्यामेरा काय चोराला चावतो व्हय?" मालक म्हणाले.

मग परवान्याचा अर्ज केला. पोलीस घरी चौकशीला येऊन गेले, डॉक्टरचा दाखला झाला, वर्ष उलटून गेलं. त्या वेळी बांधावरून दिराशी आमचं बोलणं बंद होतं. चार वर्षं एकमेकांच्या चुलीचा धूर पाहत होतो, पण उंबरा ओलांडत नव्हतो. गावातली माणसं म्हणाली, चोराचं निमित्त हाय, बंदूक भावासाठी हाय. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

परवाना आल्यावर पुण्याला दुकानात गेलो. मालकांनी उभ्या जन्मात चप्पलसुद्धा माझ्याशिवाय घेतली नाही, म्हणून मी बरोबर गेले. विळा-कोयता बाजारातून मीच आणायची. मूठ धरून बघायची, वजन मागं आहे का पुढं ते बघायचं. बंदुकीचंही तसंच असणार असं मला वाटलं.

दुकानदार चांगला माणूस होता. म्हणाला, "आजी, कुणाला हवंय?"

"ह्यांना. आधी हात बघा ह्यांचा."

पिरंगुटच्या कारखान्यात प्रेसखाली मालकांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पुढची पेरं गेली होती. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं. डॉक्टरनं दाखला दिला तेव्हा हात बघितलाच नव्हता. दुकानदारानं तो उलटासुलटा करून बघितला. मग त्यानं एक पिस्तूल पुढं केलं. त्याचा वरचा भाग मागं ओढावा लागतो. मालकांनी ओढला तर हात सटकला. पुन्हा ओढला, पुन्हा सटकला. घाम आला त्यांना.

"हे नको," मी म्हणाले. "चोर काय तोवर च्या पीत बसंल?"

मग रिव्हॉल्व्हर दाखवलं. गोल चक्रात गोळ्या भरायच्या, ओढायचं काही नाही. मी हातात घेतलं. मूठ लाकडाची होती. मालकांच्या हातात दिलं तर त्यांचं आखूड बोट चापावर कसंबसं पोचलं, पण चाप जड. दुकानदार म्हणाला, "आधी अंगठ्यानं हा घोडा मागं घ्यायचा, मग चाप हलका होतो. पण मग फार सांभाळायचं. नुसता स्पर्श पुरतो."

"ह्यांचा अंगठा धड हाय," मी म्हणाले. "हेच द्या."

मालक म्हणाले, "बघा, बैल मी निवडलं आयुष्यभर, आन् बंदूक बायकूनं."

"बैल तरी कुटं नीट निवडलं?" मी म्हणाले. दुकानदार हसला. आम्हीही हसलो.

दोन वर्षं ते कपाटात होतं. चोर आला नाही.

त्या दसऱ्याला मीच दिराला निरोप पाठवला होता, सोनं द्यायला या म्हणून. दोघं भाऊ साठीच्या पुढं गेलेले, आता किती दिवस धरायचं? मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे." एवढंच. पण सकाळी त्यांनी स्वतः अंगण झाडलं.

पाटावर कोयता, विळे, कुऱ्हाड, मुलाच्या जुन्या मोटरसायकलची किल्ली मांडली. मालकांनी रिव्हॉल्व्हर आणलं आणि त्यातल्या गोळ्या काढायला लागले.

"काय करताय?"

"रिकामं करतोय. घरात माणसं येनार."

आमच्यात देवापुढं रिकामं काही मांडत नाहीत. सूप मांडलं तर त्यात पसाभर तांदूळ, कणगीची पूजा केली तर तळाला मूठभर भात. सासूनं मला शिकवलं ते मी चाळीस वर्षं केलं. "रिकामं हत्यार पूजता व्हय? भरा ते," मी म्हणाले.

ते म्हणाले, "सूप निराळं, हे निराळं."

"देवाला निराळं न्हाई. भरा."

त्यांनी भरलं. मी कोयत्याला लावतात तसं त्याला तेल पुसलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ दोन वेढे देऊन घातली.

संध्याकाळी दीर अंगणात दिसला तसे मालक गडबडले. "त्ये उचल आदी," मला म्हणाले. "त्याला काय वाटंल? घरी बोलावलं आन् समोर बंदूक." माझ्या हातात ताट होतं, म्हणून ते स्वतः गेले. उचलायला लागले तर माळेचा दोरा घोड्यात अडकलेला. तो सोडवायला त्यांनी दुकानात शिकवल्याप्रमाणं अंगठ्यानं घोडा मागं घेतला. मी लावलेलं तेल त्यांच्या हाताला लागलं होतं. दोरा सुटला आणि आखूड बोट चापावर घसरलं. हे सगळं मी बघत होते. तोंडातून हाक निघायच्या आत झालं.

शेजारच्या बंगल्यावरच्या पिकअपमध्ये घालून दिराला पुण्याच्या रस्त्याला दवाखान्यात नेलं. पोलीस आले, रिव्हॉल्व्हर घेऊन गेले, मालकांनाही नेलं. मी साहेबाला सांगितलं, "भरायला मी लावलं."

"आजी, परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"मग झालं."

दीर गेला असता तर तो खून ठरणार होता. सोनं द्यायला म्हणून बोलावला आणि मारला, असं गाव बोलत होतं. मालक काही सांगत नव्हते. मला जो तो म्हणायचा, तुमी तर बायकू, तुमी तसंच सांगनार. उरला होता फक्त दीर, आणि तो शुद्धीवर नव्हता.

दवाखान्यात बाकड्यावर जाऊ बसली होती. मी दुसऱ्या टोकाला बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अक्का, बंदूक तुमीच पसंत केली म्हनं."

"व्हय."

"चांगली निगाली."

चार दिवस आम्ही दोघी त्याच बाकड्यावर होतो. ती आणलेली भाकरी एकटी खायची. चौथ्या दिवशी तिनं चतकोर मोडून माझ्याकडे सरकवली, बघितलं मात्र नाही.

पाचव्या दिवशी दीर बोलला. पोलिसानं जबाब घेतला. "दादा माळ सोडवत हुता," तो म्हणाला. "मी दारातनं बघत हुतो. मला बघून घाबरला त्यो." त्यानं दुसरं काही सांगितलं नाही.

मालक जामिनावर घरी आले. परवाना गेला होता. त्यानंतर ते उजवा हात मांडीखाली घेऊन बसायचे. जेवायला काढायचे, पुन्हा ठेवायचे. मी म्हणायची, "हात तुमचा, पन भराया लावलं मी. मी जेवतीया न्हवं?"

दीर काठी टेकत यायला लागला. ओसरीवर बसायचा. "दादा, बोल की. बांध तू म्हनशील तितं टाकू."

"बांध ऱ्हाऊ दे," मालक एकदा म्हणाले. त्याच्याशी ते तेवढंच बोलले.

डॉक्टरला काही सापडलं नाही. अन्न कमी होत गेलं आणि श्रावणात ते गेले. दिराला वजन उचलायला मनाई होती, तरी त्यानं खांदा दिला. जाऊ त्याला ओरडली, त्यानं ऐकलं नाही.

गोळी सुटली तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. त्यातले दीर आणि मी वाचलो.