चार बोटं शेपूट

शर्यतीच्या बोटीला दोऱ्या कशा लावतात ते मला येतं. आता गुडघे कुरकुरतात म्हणून खाली वाकून बसवत नाही, पण कुणी डोलकाठी, शीड आणि कप्प्या समोर आणून ठेवल्या तर आजही बांधून देईन, आणि माझी गाठ सुटणार नाही. करी रोडच्या चाळीतली बाई आणि शिडाची बोट, हे लोकांच्या गळी उतरत नाही. धाकट्या सुनेला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता. मी तिला म्हटलं, आधी स्वतःच्या परकराची नाडी धड बांधायला शीक, मग माझा ताप बघ.

बोटीपर्यंत मी शिवणाच्या वाटेने पोचले. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. चाळीत कुणी पापड लाटत होतं, कुणी डबे करत होतं, मी ब्लाउज शिवत होते. पण सगळ्यांच्याच घरचा पगार बंद, मग नवा ब्लाउज शिवणार कोण? तेव्हा कानावर आलं की माझगावात एक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ बोटींची शिडं शिवतात आणि त्यांना मशीनवर बसणारं माणूस हवं आहे. गोदीच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची लांबलचक शेड होती. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. सरळ शिवता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचं कापड वाकडं असेल तर सांगता येत नाही, माझी शिवण सरळच येते. ते हसले आणि एक फाटकं शीड माझ्या पुढ्यात टाकलं. संध्याकाळी शिवण बघून म्हणाले, उद्या लवकर ये.

कामाची चिंता अशी मिटली. खरी चिंता घरात होती. आमचे हे गिरणीत साचा खात्यात होते, म्हणजे मागावरचे विणकर. संपात अवतीभवतीचे किती तरी लोक गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाले. ह्यांनी यातलं काही केलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशात कात्री ठेवायचे आणि गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. ती कात्री बोटाएवढी होती. साच्यावर धागा तुटला की त्याची गाठ मारायची आणि गाठीची शेपटं त्या कात्रीने अगदी मुळाशी कापायची, हे त्यांचं सगळ्या जन्माचं काम. शेपूट राहिलं की ते शेजारच्या धाग्यात अडकतं आणि कापडात खोट येते. ह्यांच्या कापडात कधी खोट निघाली नाही, असं त्यांच्या खात्यातले लोक मला सांगायचे. आता साचा बंद, कापड नाही, तरी कात्री रोज खिशात.

मला त्यांच्या पगाराचं तितकंसं काही वाटत नव्हतं, मी मिळवत होते. पण धडधाकट माणूस बंद गेटसमोर उभा राहून रोज थोडाथोडा झिजत होता आणि ते मला बघवत नव्हतं. काहीही करून ह्यांना त्या गेटवरून हलवायचं, एवढंच मी मनाशी धरलं होतं.

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरायला लागला आणि शेडमध्ये बोटींची गर्दी झाली. या बोटी छोट्या, एकदोन माणसांच्या, हौशी लोकांच्या शर्यतीच्या. पावसाळ्यात त्यांच्या दोऱ्या, कप्प्या सगळं उतरवून ठेवतात आणि मोसम सुरू होताना पुन्हा चढवतात. चढवणारा अंकलचा माणूस नेमका तेव्हाच आखाती देशात निघून गेला. अंकलची बोटं अजून चलाख होती, पण डोळे अधू झालेले. मी लगेच सांगून टाकलं की माझ्या नवऱ्याचे हात घेऊन बघा. घरी मात्र ह्यांना सांगितलं की डोलकाठ्या उचलायला माणूस हवाय, दोन दिवसांचं काम आहे. खरं सांगितलं असतं तर हे आले नसते. हमाली कमीपणाची नव्हती त्यांना, पण दुसरा हुनर शिकणं म्हणजे गिरणीशी बेइमानी, असं काहीसं डोक्यात होतं.

आले, दोन डोलकाठ्या उचलल्या आणि तिसरीपाशी थांबले. अंकल एका बोटीच्या दोऱ्या ओवत बसले होते. शिडाच्या खालच्या कडेला आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. शीड मागे ताणायची एक दोरी, खाली ताणायची दुसरी, बूम वर उडू नये म्हणून तिसरी, आणि शीड आत-बाहेर करायची जी मुख्य दोरी असते ती सगळ्यांत जाड. प्रत्येक दोरी कुठल्या ना कुठल्या कप्पीवरून फिरून शेवटी बसलेल्या माणसाच्या हाताशी आली पाहिजे, आणि वाटेत एकीने दुसरीला घासता कामा नये. अंकलनी एक दोरी चुकीच्या बाजूने ओवली. ती शेजारच्या दोरीला घासतेय हे बघून ह्यांनी ती काढून दुसऱ्या बाजूने घातली. जेवायच्या सुट्टीपर्यंत हे बोटीत मांडी घालून बसलेले. मी मशीनवरून बघत होते आणि मनातून इतकी खूश झाले की एक शिवण दोनदा मारली.

निघताना ह्यांनी अंकलना सांगून ठेवलं की हे तात्पुरतं आहे, गिरणी उघडल्याचं कळलं तर हातातलं काम टाकून निघून जाईन. अंकल म्हणाले, जा की, मी कुठे धरून ठेवलंय.

मग गाठी आल्या. मुख्य दोरीचं एक टोक बूमखालच्या कप्पीच्या कडीला बांधावं लागतं. अंकलनी त्याची गाठ दाखवली आणि ह्यांचा चेहराच बदलला. ती गिरणीतलीच गाठ होती. धाग्याला मारतात तीच, फक्त जाड दोरीत. ह्यांनी ती एका हाताने मारून दाखवली. अंकल खूश झाले, म्हणाले आता शिकवायला काही उरलं नाही. फक्त एक लक्षात ठेव म्हणाले, प्रत्येक गाठीचं शेपूट चार बोटं बाहेर राहू दे. ह्या दोऱ्या टेरिलिनच्या, सुतासारख्या एकमेकींना धरून राहत नाहीत. शीड फडफडलं की गाठ ढिली होते आणि शेपूट आत सरकत जातं. चार बोटं असेल तर शर्यत संपेपर्यंत धीर धरतं.

ह्यांनी मान डोलावली आणि पहिली बोट बांधायला घेतली. ती एका दाताच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर हौशी आणि उतावळे, शेडमध्ये आले की प्रत्येक दोरी ओढून बघायचे. ह्यांनी दोन दिवस जीव ओतला. गाठी अशा एकसारख्या की नजर लागावी. दोरीची टोकं उसवू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरून बेमालूम डागली आणि प्रत्येक गाठीवर पांढरी पट्टी गुंडाळली, म्हणजे शीड अडकायला नको. अंकलनी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि शाबास म्हणाले. पट्टीच्या आत काय होतं ते फक्त ह्यांना माहीत. सगळी शेपटं कात्रीने मुळाशी कापलेली होती.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर बोट पाण्यात घातली तेव्हा आम्ही तिघंही हजर होतो. शर्यत रविवारी होती, ही नुसती चाचणी. डॉक्टर मोठ्या ऐटीत निघाले. वारा चांगला भरला, बोट कलली, डॉक्टर मुख्य दोरी हातात घेऊन मागे रेलत पाण्याच्या वर झुकले. आणि बूमखालची गाठ सुटली. शीड फाडकन बाहेर गेलं, हातातली दोरी नुसतीच हातात राहिली आणि डॉक्टर मागच्या मागे पाण्यात. लाइफ जॅकेट होतं, चष्मा दोरीने बांधलेला होता, इजा काही झाली नाही. पण बाहेर आले ते तोंडात मावेल तेवढं इंग्रजी घेऊन.

अंकलनी उरलेल्या एका गाठीची पट्टी सोडवली आणि अंगठ्याने चाचपलं. कळायचं ते त्यांना कळलं. ओरडले नाहीत. शेडमध्ये परतल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, तुझा नवरा माझ्यापेक्षा चांगला बांधतो. पण पाण्यावर माणूस बसलेला असतो. शेपूट ठेवणार असेल तर शनिवारपर्यंत येऊन सगळं परत बांधू दे. नायतर नको येऊ दे." हे तोवर निघून गेले होते.

संध्याकाळी घरी मी स्टोव्ह पेटवायच्या आधीच तोंड सोडलं. मी मुळातच फटकळ, त्यात दिवसभराचा राग. सांगितलेलं कळत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, असं विचारलं. त्यांना वाटलं असेल गाठ त्यांची आहे, सुटायची नाही, तर सुटली ना, असंही म्हटलं. मी गिरगावातली, हे मालवणकडचे. एरवी माझ्याशी माझ्यासारखंच बोलायचे, पण पोटातलं बोलायचं असलं की मालवणीत शिरायचे.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "शेपूट ठेवूची सवय लागली तर हात गेलो. उद्या गिरण उघाडली तर साच्यावर खयचो हात घेवन उभो रवू?"

माझा राग तिथल्या तिथे उतरला. हा माणूस चुकला नव्हता, हट्टही करत नव्हता. तो हात जपून ठेवत होता. बाई नाही का लग्नातला शालू घडी मोडू नये म्हणून तसाच ठेवते, तसा. मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

"गिरणी उघडली तर हात परत शिकेल," मी म्हटलं. "नाही उघडली तर मी तुम्हाला कुठे शोधू? गेटवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी अंघोळ झाली, इस्त्रीचा शर्ट झाला, कात्री खिशात गेली आणि स्वारी गेटवर.

मी माझगावला पोचले ती तणतणतच. अंकलना म्हटलं, बोट मी बांधते. ते म्हणाले, तुला येतं? मी म्हटलं, इतके दिवस मशीनवर बसून मी काय भिंतीकडे बघत होते? पट्ट्या सोडल्या, आखूड झालेल्या दोऱ्या काढून फेकल्या, नव्या ओवायला बसले. पहिली दोरी दोनदा उलटी गेली. तिसऱ्यांदा बरोबर आली. एकदा कप्प्यांची वाट ध्यानात आली की पुढचं सोपं असतं, उगीच पुरुष त्याचा बाऊ करतात. शीड मागे ताणायची दोरी लावली, खाली ताणायची लावली. गाठी माझ्या ह्यांच्यासारख्या देखण्या नव्हत्या, पण प्रत्येकीला चार बोटं शेपूट होतं.

मुख्य दोरीला हात घालणार तोच दारात सावली पडली. हे आले होते. गेटवरून सरळ चालत आले असावेत, शर्ट पाठीला चिकटलेला. गेटवर काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काही झालं नसणार, रोज तेच तर होत होतं. बोटीच्या दुसऱ्या बाजूला ते खाली बसले, माझ्या हातातलं टोक घेतलं, कडीतून ओवलं आणि गाठ मारली. करकचून ओढली. मग हात आपोआप खिशात गेला आणि कात्री बाहेर आली.

न बोलणं मला जन्मात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

कात्री उघडून ते गाठीकडे बघत राहिले. मग माझ्या पुढ्यात शिडाच्या शिवणीतून एक दोरा लोंबत होता, तो त्यांनी कापला आणि कात्री मिटून माझ्या मशीनच्या डब्यात टाकली.

"तुला शिवणाला होईल," ते म्हणाले.

दोरीच्या शेपटावर त्यांनी चार बोटं ठेवून मोजलं आणि टोक मेणबत्तीवर धरलं. हेच मला हवं होतं, यासाठीच मी भांडले होते, आणि ते झाल्यावर मला जिंकल्यासारखं काहीच वाटेना. संप सुरू झाल्यापासून गिरणी संपली असं आमच्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. त्या दुपारी ते न बोलता म्हणून झालं.

अंकल आले, अधू डोळ्यांनी काही दिसेना म्हणून अंगठ्याने एकेक गाठ चाचपत गेले. मुख्य दोरीपाशी थांबून विचारलं, ही कोणाची?

"आमच्या ह्यांची," मी म्हटलं.