हट्टी पेशींचे मामा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाटलीमामा म्हणतात. चपट्या बाटल्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. हट्टी पेशी तर खास त्यांच्याच ताब्यात. औषधाचे चिमुकले डोस पाजून पाजून या पेशी अशा निर्ढावतात, की पुढे त्याच औषधात खुशाल नांदतात. “माझी कार्टी,” मामा कौतुकाने म्हणत, “कुणालाच भीक घालत नाहीत!”

मग चिनी वैद्यकातल्या एका मुळाचा पिवळा अर्क तपासायला आला. आत शिरलेलं औषध ही कार्टी बाहेर फेकून देत. अर्काने ती फेकाफेक बंद पडली आणि जुन्याच औषधाने त्यांनी माना टाकल्या. त्याच संध्याकाळी मामांनी थोरल्या बहिणीकडे जाऊन ही हकीगत रंगवून सांगितली. ताईची गाठ औषधाला दाद देईनाशी झाली होती, नुकतंच दुसरं औषध सुरू झालं होतं, आणि मामांना तिला हसताना बघायचं होतं. ‘हे बाटलीत हं’ असं ते दोनदा म्हणाले होते. पण हकीगत रंगली, की असली वाक्यं ऐकतो कोण?

तीन आठवड्यांनी पुढच्या डोससाठी ताई, भावोजी आणि मामा हॉस्पिटलात गेले. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणखी काही घेताय का?”

भावोजींनी अभिमानाने मामांकडे बोट दाखवलं. “याच्या लॅबमध्ये तपासलं तेच मूळ. जडीबुटीवाल्याकडे मिळालं. दोन वेळा पेलाभर काढा देतोय.”

“अहो भावोजी, मला विचारायचंत तरी!”

“तू नको म्हणाला असतास.”

ते खरंच होतं.

लिव्हर बिघडलं होतं. काढ्यानेच, असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगेनात. पण ते सावरेपर्यंत डोस बंद. किती दिवस? “बघू.”

बाहेरच्या बाकावर मामा समजावू लागले. बाटलीत थेंब पुरतो. माणसाला किती लागेल, ते सोसेल का, कुणालाच ठाऊक नाही.

“कळायला किती दिवस लागतील रे?” ताईने विचारलं.

“दहा-बारा वर्षं.”

“बरं झालं बाई, घाई नाही म्हणजे,” ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. भावोजी जमिनीकडे बघत राहिले.

“मग तोवर गाठ गप्प बसेल ना?” तिने विचारलं.

एकोणीस वर्षं मामांनी पेशींना वाढताना पाहिलं होतं. ते ताईजवळ सरकले. ताईने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि ती हळूहळू उठली.