‘भागीदारी’पाशी थांबलेला कोश

दिगंबर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि पहिल्या भेटीतला धक्काच आधी आठवला. बोईसरच्या महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवायला नुकतीच लागले होते. फळ्यावर ‘भागीदारी’ लिहून वळले, तर शेवटच्या बाकावर मराठीचे विभागप्रमुख बसलेले! तास संपल्यावर ते म्हणाले, “बाई, तुमची व्याख्या आमच्या कोशाला हवी आहे.”

पालघर-तारापूर पट्ट्यातल्या बोलींचा कोश हे सरांचे जीवनकार्य. त्याच दिवशी त्यांनी सांगितले, की ‘भाग’ संस्कृतातला आणि ‘दार’, म्हणजे बाळगणारा, हा फारसीतला. “दोन मुलखांतले शब्द एका होडीत बसलेत, बाई.” कारखान्यांलगतच्या कुंभवली गावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार एकमेकांना ‘पार्टनर’ म्हणतात. सरांनी तोही शब्द घेतला. त्याच्याही मुळाशी, लॅटिनमध्ये, वाटणीच आहे. परका म्हणून कोणताही शब्द त्यांनी दारातून परत पाठवला नाही.

मी आजारी असताना सर माझ्या वर्गावर बसून मुलांकडून हिशेबाची गणिते सोडवून घेत. नंतर म्हणाले, “मला एकही कळलं नाही, पण कोणी पळालंही नाही.”

गेल्या वर्षी ‘भागीदारी’ची नोंद लिहीत असतानाच सरांना पक्षाघाताचा झटका आला. शब्दांवर जगलेल्या माणसाची जीभ अडखळताना पाहून मी सुन्न झाले. पण मोठा धक्का पुढेच होता. सर बरे होत होते, आणि एके दिवशी कोशाचे कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “बंद... करू या.” मी ते पिशवीत ठेवले. नकार द्यायला हवा होता, की तो आजाऱ्यावर जुलूम झाला असता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी तिथेच बसले होते, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या नवापूर गावच्या कोळीण हिराबाय टोपली घेऊन आत आल्या. सरांनी कितीतरी शब्द त्यांच्याच ओट्यावर बसून टिपले होते.

“मास्तर, वाटा घ्या.”

“मी... होडीत नव्हतो.”

“आमचा धाकला बी नव्हता, तापानं निजलाय. त्याचा काढला, तुमचा बी काढला. आजाऱ्याचा वाटा थांबवला तर उद्या होडीत कोन येल?” मग डोळे वटारून, “पन फुकट नाय हाय! आमचे शब्द अर्धे टाकून निजायला तुमाला कुनी सांगितलं?”

भागीदार भांडवल आणतो किंवा श्रम, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आले होते. काहीच न आणणाऱ्याचा वाटा घरपोच येतो, हे माझ्या व्याख्येत कुठेच नव्हते. सर हसत होते की रडत होते, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. टोपलीत पापलेटे होती, एवढे नक्की.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद परत मागवले आणि डाव्या हाताने नोंद पुरी केली. माझी व्याख्या त्यांनी तशीच ठेवली. खाली पुढच्या नोंदीकडे बोट दाखवणारे दोनच शब्द जोडले: ‘वाटा पाहा.’

आता कोश ‘म’वर आला आहे. ‘वाटा’पर्यंत पोहोचायला य, र, ल ओलांडायचे आहेत आणि ती नोंद मास्तरांशिवाय कुणी लिहायची नाही, असे हिराबायनी आम्हाला बजावले आहे. सरांना निरामय, उदंड आयुष्य लाभो. आणि ‘व’ झाल्यावरही श, ष, स, ह उरतातच, हे सरांनी कृपया विसरू नये.