सुंदररावांचं रान वगळून

दोन हजार तीनच्या दुष्काळात उमापूरकडच्या एका गावात शेतकऱ्यांच्या सोसायटीने सभासदांच्या जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधला होता. हरिबा धनगराकडे सव्वाशे मेंढरं होती, पण नावावर जमीन नव्हती, म्हणून तो सभासद नव्हता. एका दुपारी तहानलेला कळप त्याला आवरला नाही आणि थेट हौदाला भिडला. चेअरमन सुंदररावांनी सगळी मेंढरं कोंडवाड्यात घातली. तीन दिवस कुणाला पाणी पाजू दिलं नाही. कळप सुटला तेव्हा एकोणीस कोकरं मेलेली होती.

हरिबाने ती ओढ्याकाठी पुरली आणि मातीच्या हातानेच सुंदररावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चेरमन, आजपासून तुमच्या रानात माझ्या मेंढराची एक लेंडी पडायची न्हाई. मी हाय तवर तर न्हाईच."

सुंदरराव हसले. त्यांचा भरवसा खताच्या गोण्यांवर होता.

त्यांच्या बांधाला लागून तुळजाबाईचा नऊ एकरांचा माळ होता. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नसे. सुंदररावांना रोज दिसावा म्हणून हरिबाने कळप बसवायला तोच निवडला; लेंडीचं खत त्या मातीला मिळणार होतं. आधी त्याची मेंढरं वाटेल तिथे फिरत, कोवळं गवत मुळापर्यंत ओरबाडत. आता त्याने माळाचे तुकडे पाडले. मेंढरं कोंडायची जाळी रोज पुढे सरकवायची आणि चरून झालेल्या तुकड्यात दोन महिने पाऊल टाकायचं नाही. या कामाला वैतागून त्याचा भाऊ सटवा वेगळा झाला. हरिबा हटला नाही. शिवारात येणाऱ्या प्रत्येक मेंढपाळाला त्याने कोकरांचं सांगितलं. त्यांनीही सुंदररावांचं रान सोडलं.

तिसऱ्या वर्षी माळावर गवत गुडघ्याला लागलं. आठव्या वर्षी कृषी केंद्राच्या माणसाने दोन्हीकडची माती पुन्हा तपासली. माळाच्या मातीचा कस दाखवणारा सेंद्रिय कर्ब दुपटीवर गेला होता. कर्ब म्हणजे काय ते हरिबाला कळलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "आन् चेरमनच्या मातीत?" तिथे घटला होता. त्या दिवशी हरिबाने वस्तीवर गूळ वाटला.

पुढे पंधरा सालचा दुष्काळ आला. सुंदररावांचा कापूस जळाला. माळावर मात्र पडलेला थोडाफार पाऊस मुरला होता आणि वाळलेलं का होईना, गवत उभं होतं. सुंदरराव काठी टेकत आले. खतासाठी चार दिवस माझ्या रानात कळप बसव, दुप्पट जवारी देतो, म्हणाले. आता मिटव, असं तुळजाबाईनेही सांगितलं. हरिबाने कुत्र्याला हाक मारली आणि कळप कोसभर लांबच्या वाटेने नेला.

वर्षभरात सुंदरराव वारले. हरिबा मातीला गेला नाही.

त्यांची सून गीताबाई इतकी वर्षं बांधावरून सगळं पाहत होती. तिने वीस मेंढ्या विकत आणल्या, तशीच जाळी लावली आणि हरिबाला विचारलं, "मामा, बराबर बसली का?"

दोन खुंट्या सैल होत्या. लांडगा सहज आत शिरला असता. हरिबाला ते दिसलं.

"बसली," तो म्हणाला आणि चालू लागला.

सकाळी सहा मेंढ्या फाडलेल्या सापडल्या. हरिबा बघायला गेला. गीताबाईने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. उरलेल्या चौदांसाठी ती खुंट्या ठोकत राहिली.