व्हर्मुथचा वास

बंदरामागच्या मोकळ्या जागेत आज व्हर्मुथच्या बाटल्या फोडल्या. व्हर्मुथ म्हणजे कडू पाला, साली आणि मसाले घालून मुरवलेली परदेशी वाईन. लेबलात काही चूक निघाली, मागवणाऱ्याने कस्टममधून माल सोडवलाच नाही, आणि गोदामात पडून पडून शेवटी तो नष्ट करायचा हुकूम आला. गोदामातर्फे मी नुसता उभा होतो.

बाटल्यांवरून रोलर फिरला तसा वास उठला. कुठल्या तरी डोंगरावर कुणी वाकून हा पाला खुडला असेल, सावलीत जपून वाळवला असेल. एवढा समुद्र ओलांडून तो आला, तो आमच्या गटारात जायला. बहुतेक गोष्टी अशाच निघत असाव्यात, कुणाच्याच ओठांना न लागता संपायला.

काचा लोटणाऱ्या शेवंताबाई पन्नाशीच्या पुढच्या. त्या झाडू थांबवून म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीगत वास येतोय, साहेब. ओवा-शेपाची धुरी दिल्यागत."

मी मान हलवली.

"शेजारणींकडं लई घेतला हा वास," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कधी आला नाही."

मग त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि वास गटाराकडे निघून गेला.