हललं की दिसतं

माय अर्धंच ताट जेवून उठली. वाढलं होतं बाबांनीच.
"काऊन व, वांगे काऊन ठेवले?" त्यांनी विचारलं.
"वांगे वाढलेच कुठी तुमी?"
भाजी ताटातच होती, तिच्या डाव्या हाताला.

पंधरा दिवसांपूर्वी मायला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले आणि ती केशोरीला घरी आली, पण डावीकडचं काही दिसेना. आम्ही तिला गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आँखें तो बढ़िया हैं." मग समजावलं, डोळा उजेडाची खबर फक्त पुढे पाठवतो. ती वाचतात डोक्याच्या मागच्या भागातल्या पेशी. काही रेघा ओळखतात, काही रंग, काही हालचाल. तिथला उजवा भाग दुखावला, म्हणून दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. मी अर्जुनीच्या कॉलेजात हेच शिकवते, फळ्यावर रंगीत खडूंनी. दवाखान्यात मात्र मायचा हात धरून ऐकत होते.

महिनाभराने बाबा अंगणात तिच्या डावीकडे तुरीच्या शेंगा सोलत होते.
"कोन हाय तिकडं?" माय एकदम म्हणाली.
बाबांनी हात थांबवला. "आता दिसते?"
"नाही."
त्यांनी हात हलवला.
"आता काहीतरी हालून राहिलं."
पाच-सहा वेळा तेच झालं. बाबांनी मला हाक मारली, "तू मास्तरीन हायेस ना? सांग, हे कसं?"
मी सांगितलं, हालचालीची खबर दुसऱ्या एका बारीक वाटेनेही पोचते, ती वाट बहुतेक शाबूत असावी.
बाबा म्हणाले, "म्हंजे सडक बंद, वावरातली पांदण चालू."
इतकं सोपं मला वर्गात कधी जमलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाबा डावीकडे वाटी ठेवताना ती जरा हलवायचे. माय मान वळवायची, वाटी दिसायची. हळूहळू मान आपोआप वळू लागली, वाटी न हलवताही.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं बाजाराला गेलो. बाबा तिच्या डावीकडून चालत होते, पिशवी मुद्दाम झुलवत. मासेवालीने तळ्यातली लहान मासोळी वजनकाट्यावर टाकली. मायने मान डावीकडे फिरवून टोपली पाहिली.
"ते नोको बाई. त्या कोपऱ्यातली मोठी दे."
बाबा माझ्याकडे बघून हसले आणि पिशवी उघडून उभे राहिले.