खिडकी सोडून पाडलेलं भोक

आमच्या थोरल्या जाऊबाई कानाच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहेत. बावीस वर्षं रक्त-पू बघितलाय, कशाची म्हणून शिसारी नाही. एक दिवस मात्र घरी आल्या आणि भरलं ताट बाजूला सारलं.

"मळमळतंय का?"

"माणसाची मळमळ आहे गं. ओकून जायची नाही."

त्या दिवशी टेबलावर एक शिवणकाम करणारी बाई होती. जवळजवळ बहिरी, पण जाडेभरडे आवाज अजून यायचे: मशीनची घरघर, नवऱ्याचं खाकरणं. आतल्या कानात ऐकू येण्याच्या यंत्राची तार बसवताना तेवढं उरलंसुरलं जपू, असं डॉक्टरांनीच तिला कबूल केलं होतं. आतल्या कानाला मुळातच एक गोल खिडकी असते, पातळ पडदा लावलेली. तिच्यापुढचं हाड जरासं घासायचं, पडदा हलकेच चिरायचा नि तार सावकाश आत सरकवायची.

खिडकी नीट दिसेना. हाड घासायला वेळ लागला असता आणि डॉक्टरांना विमान गाठायचं होतं. त्यांनी शेजारीच ड्रिलनं नवं भोक पाडलं. तसं पाडणं काही गुन्हा नव्हे, कधी इलाजच नसतो. पण यांनी सक्शनची नळी थेट भोकाला लावून जपायचं ते आतलं पाणीच ओढलं आणि पिशवीत नाडी कोंबावी तशी तार कोंबली. वर, "काय सिस्टर, टायमिंग बघितलंत?"

मग ऑपरेशनच्या नोंदीचा कागद आला. "लिहा, गोल खिडकीतून. सलग चाळीस केसेस खिडकीतून झाल्यात, परिषदेत तक्ता लावायचाय."

जाऊबाईंची रीत अशी, की वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं लेबल तिथल्या तिथे कागदावर चिकटवायचं. भोक पाडायच्या ड्रिलच्या बारीक टोकाचं चिकटवून झालं होतं.

"काढा ते."

"निघत नाही, सर."

"अहो, तिला कळणार कसं? ऐकू येतं थोडंच!"

भूल देणाऱ्या बाईसुद्धा फिदीफिदी हसल्या. जाऊबाईंनी सही केली नाही.

महिन्याभरानं यंत्र सुरू झालं. यंत्रातून शब्द कळायला लागले, पण ते कानावरून काढलं की त्या कानाला मशीनची घरघर नाही, खाकरणं नाही, काहीच नाही. "तुमच्या नसाच कमजोर, बाई," म्हणून डॉक्टर मोकळे.

जाऊबाईंनी तिला बाहेर गाठलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: 'तार खिडकीतून नाही, भोक पाडून घातली. खिडकीतून घालूनही उरलेलं ऐकू येणं गेलं असतं कदाचित, ते कुणी सांगू शकत नाही. पण तुमचे कागद मागून घ्या. लेबल बघा.'

बाईनं दोनदा वाचलं. "दुसऱ्या कानात अजून येतंय थोडं. पुढच्या महिन्यात तोही यांच्याकडेच करणार होते."

"नका करू," जाऊबाई तोंड नीट दिसेल असं सावकाश म्हणाल्या.

बाईनं कागद मागितले तशी जाऊबाईंची बदली झाली, खाली मळके कपडे धुतात तिथे. मी हळहळले, तर म्हणतात कशा, "अगं, तिथे घाण निदान घाणीसारखी दिसते."